कंपनी सेक्रेटरीच्या कार्यालयाची सेवा : शेअर कोणाचे, हे आधी विचारणारी

वार्षिक कम्प्लायन्स, म्हणजे कायद्याने दरवर्षी करावी लागणारी पूर्तता, म्हटले की बहुतेक छोट्या कंपन्यांना एओसी-4 (आर्थिक पत्रके) आणि एमजीटी-7ए (छोट्या कंपनीचे वार्षिक विवरणपत्र) एवढे दोनच फॉर्म आठवतात, आणि स्वस्तातली ऑनलाइन पॅकेजेही तेवढ्यावरच भागवतात. पुण्यातील ज्या छोट्या कार्यालयाकडे आम्ही आमच्या भोसरीतील खासगी कंपनीचे काम दिले, त्यांनी मात्र फॉर्मला हात लावण्याआधी सभासदांचे, म्हणजे शेअरधारकांचे, रजिस्टर मागून घेतले आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहिले, ‘पैसे कोणाचे?’

हा प्रश्न चौकसपणाचा नव्हता. आमचे 25 टक्के शेअर दुसऱ्या एका खासगी कंपनीच्या नावावर असून त्या कंपनीत आमच्या काकांचा 60 टक्के वाटा आहे. काकांच्या स्वतःच्या नावावर आमच्याकडे एकही शेअर नाही; तरीही कंपनी कायदा 2013 च्या कलम 90 प्रमाणे ते लक्षणीय लाभार्थी मालक (एसबीओ, म्हणजे शेअर स्वतःच्या नावावर नसूनही त्यांत मोठा वाटा किंवा ताबा असलेली व्यक्ती) ठरतात, कारण सभासद कंपनीत त्यांचे बहुमत आहे आणि तिचा आमच्यातील हिस्सा 10 टक्क्यांच्या खाली नाही. कार्यालयाने त्या कंपनीला मालकीची माहिती मागणारी बेन-4 ची नोटीस तयार करून दिली, काकांकडून बेन-1 (घोषणापत्र) भरून घेतला, तो हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत बेन-2 (त्याची माहिती देणारा फॉर्म) कंपनी निबंधकांकडे दाखल केला आणि एसबीओंच्या नोंदीचे बेन-3 चे रजिस्टरही लावून दिले. एका चुलतभावाच्या नावावरील शेअरमध्ये पैसे त्याच्या वडिलांचे होते. तिथे कलम 89 (शेअर एकाच्या नावावर, पण हित दुसऱ्याचे) लागू होते, म्हणून एमजीटी-4, 5 आणि 6 हे फॉर्म (अनुक्रमे नावावरचा धारक, खरा मालक आणि कंपनी यांनी द्यायचे) वेगळे झाले. घरच्या घरी असे शेअर ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, त्यामुळे ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटली.

दंडाची माहिती त्यांनी बागुलबुवा न करता दिली : एसबीओने घोषणापत्र न दिल्यास 50 हजार रुपये आणि कंपनीने बेन-2 चुकवल्यास 1 लाख, शिवाय दिवसागणिक वाढ; छोट्या कंपनीला कलम 446बी मुळे यात निम्मी सवलत मिळते. ऑक्टोबर 2023 पासून शेअरमधील लाभार्थी हिताची, म्हणजे ते खरे कोणाचे याची, माहिती निबंधकांना पुरवण्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, आणि पूर्णवेळ सेक्रेटरी, व्यवस्थापकीय संचालक किंवा व्यवस्थापक नसलेल्या कंपनीने कोणालाच नेमले नाही, तर सगळेच संचालक जबाबदार धरले जातात, हेही त्यांनीच सांगितले आणि तसा ठरावही करून घेतला.

उणीव आहे ती बिलात. सरकारी शुल्क आणि त्यांची फी एकाच ओळीत दाखवली होती. विचारल्यावर फोड मिळाली, पण ती आधीच द्यायला हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत फोनही सहसा उचलला जात नाही, तेव्हा मालकीचे काम एप्रिल-मेमध्येच द्यावे. सर्व सभासद व्यक्तीच (कंपनी वगैरे नव्हे) असून शेअर ज्याचे त्याच्याच नावावर आणि ज्याच्या त्याच्याच पैशाचे असतील, तर बेन-2 ची गरज नाही, असे ते पहिल्याच भेटीत सांगून मोकळे होतात आणि त्या भेटीचे पैसे घेत नाहीत.