सोल जिनोमिक्स नेटवर्क: आधी आवृत्ती बघा, मग जनुक

टोमॅटोच्या जनुकांवर काम सुरू केलं की लॅबमधलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगतं, 'एसजीएन बघ.' म्हणजे सोल जिनोमिक्स नेटवर्क ही साइट. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची या एकाच कुळातल्या पिकांची जनुकीय माहिती इथं मिळते. अमेरिकेत इथाकाची बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूट ही साइट चालवते. पैसे लागत नाहीत. कित्येक महिने ती जवळपास रोज उघडल्यावर हे लिहितोय.

सगळ्याचा पाया आहे 'हाइंझ १७०६' या वाणाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए क्रम; बाकी सगळं याच्याशी ताडून बघतात, म्हणून तो 'संदर्भ जिनोम'. १२ गुणसूत्रं, सुमारे ९० कोटी बेसजोड्या (डीएनएची अक्षरं), ३५ हजारांच्या आसपास जनुकं. त्यातल्या ५ व्या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय गटाकडे होती. फळ पिकवणारं प्रसिद्ध 'रिन' जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे ते शोधताना मला उगाच बरं वाटतं.

रिनचा क्रमांक सोलिक-०५-जी-०१२०२०. यातला ०५ म्हणजे गुणसूत्र. पुढचे आकडे दहा-दहाच्या अंतरानं दिलेत, म्हणजे मध्ये नवं जनुक सापडलं तर त्याला जागा राहते. पण पूर्ण क्रमांकाच्या शेवटी टिंब देऊन आणखी एक आकडा असतो, त्याच्याकडे नीट बघा, ती आवृत्ती असते. जिनोमच्याही आवृत्त्या आहेत, त्यांची नावं 'एसएल'नं सुरू होतात. एसएल २.५० वर आधारलेल्या जुन्या शोधनिबंधातली जनुकाची जागा घेऊन एसएल ४.० च्या जेब्राउझमध्ये (जिनोम नकाशासारखा दाखवणाऱ्या साधनात) गेलात, तर भलतंच काहीतरी समोर येईल. मी आता जागेचे आकडे उचलतच नाही. आजूबाजूचा डीएनए क्रम घेतो आणि नव्या आवृत्तीवर ब्लास्ट करतो, म्हणजे तो क्रम तिथं कुठं जुळतो ते शोधतो. पीसीआरनं (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याची पद्धत) तपासणी करायला लागणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवण्याआधी एवढं केलं तर पैसे वाचतात.

दुसरी मर्यादा साइटची नाही, संदर्भ जिनोमचीच आहे. आपल्याकडे पांढऱ्या माशीतून पसरणारा लीफ कर्ल हा पानं आकसवणारा विषाणूजन्य रोग मोठा प्रश्न. त्याला दाद न देणारं टाय-१ हे जनुक 'चिलेन्से' या रानटी टोमॅटोतून ६ व्या गुणसूत्रावर आणलेलं. हाइंझ वाणात त्याचं रोगाला बळी पडणारं रूप आहे, त्यामुळे नुसत्या संदर्भावरून मार्कर (जनुक ओळखण्याची डीएनए खूण) बनवायला बसू नका. २०१९ च्या पॅनजिनोममध्ये (अनेक नमुन्यांचा मिळून केलेला जिनोम) ७२५ नमुने तपासले, तेव्हा संदर्भात नसलेली ४,८७३ जनुकं मिळाली. म्हणजे 'ब्लास्टमध्ये सापडलं नाही' याचा अर्थ 'टोमॅटोत नाही' असा होत नाही.

मला सर्वांत आवडला तो टोमॅटो एक्स्प्रेशन अॅटलास, म्हणजे कुठलं जनुक फळात कुठं आणि कधी काम करतं याचा नकाशा. जनुकाचा क्रमांक टाकला की फळाच्या चित्रावर रंग चढतो: कुठल्या अवस्थेत, सालीत की गरात की आतल्या जेलीत. लेझरनं पेशींचे थर वेगळे काढून ही माहिती गोळा केली आहे. पिकणं आतल्या जेलीकडून बाहेर सरकतं, हे तिथं अक्षरशः दिसतं. फक्त तो एम-८२ वाण आहे हे ध्यानात असू द्या. आपल्या संकरित वाणात तसंच घडेल असं गृहीत धरू नका.

मायक्रो-टॉम या बुटक्या वाणाचे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली झाडं) हवे असतील तर जपानच्या त्सुकुबा विद्यापीठाचा टोमाटोमा हा संग्रह बघा. रानटी जातींसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथलं टीजीआरसी हे टोमॅटो बियाण्यांचं संग्रह केंद्र. तिथले 'एलए'नं सुरू होणारे क्रमांक निबंधांत सतत भेटतात. बियाणं मागवणार असाल तर एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन संस्थेची आयात परवानगी आणि क्वारंटाइन यांचा वेळ हंगामाच्या आखणीत आधीच धरा.