कूलंट प्रेशर टेस्टर: रेडिएटर वाचला, डोकं मात्र अडॅप्टरनी खाल्लं

‘रेडिएटर गेलाय, बदलावा लागेल.’ गाडीखाली न वाकता सर्व्हिस सेंटरवाल्याने हे सांगितलं आणि नऊ हजारांच्या आसपासचा अंदाज हातात ठेवला. कुठून गळतोय ते दाखवा म्हटलं, तर ‘सर, जुनी गाडी आहे’. जुनी गाडी हे निदान झालं का? त्या रागातच हा टेस्टर मागवला. तीन हजारांच्या आत आला.

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना लाल दिवा लागला. या गाडीला तापमानाचा काटाच नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, तापलं की लाल, मधलं सगळं देवाच्या भरवशावर. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत तळाशी चमचाभर उरलं होतं आणि खाली रस्ता मात्र कोरडा ठणठणीत.

रस्ता कोरडा का, हे टेस्टर लावल्यावर कळलं. गळती बारीक असेल तर तापलेल्या इंजिनावर थेंब जिथल्या तिथे वाफ होऊन उडतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. टेस्टरचं काम बरोबर उलट. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटचं झाकण काढायचं, त्या जागी अडॅप्टर बसवायचा आणि हातपंपाने झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा. माझ्या झाकणावर 1.1 बार आहे. मग टेस्टरवरचा दाबाचा काटा बघत बसायचं, उतरला म्हणजे कुठेतरी गळतंय. पंखा फिरत नाही, पट्टा फिरत नाही, टॉर्च घेऊन खुशाल आत डोकं घाला. (झाकण गरम इंजिनावर उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. दाब सुटला की ते तोंडावर उकळतं.)

आता अडॅप्टर. डबाभर दिलेत, रंगीबेरंगी, आणि कुठला कुठल्या गाडीला याचा एक कागदसुद्धा नाही. निळा घातला, आट्यांत बसेना. काळा बसला, पण पंप मारला की सुटला. शेवटी झाकण हातात घेऊन एकेकाशी आटे जुळवत बसलो. वीस रुपयांचा कागद छापायला काय झालं होतं? वर त्या डब्याची कडी पहिल्याच आठवड्यात तुटली. तेव्हापासून सगळं जुन्या बर्फीच्या डब्यात आहे.

बरोबर अडॅप्टर बसल्यावर काटा हळूहळू उतरायला लागला. रेडिएटर कोरडा. प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडतात तिथे बोट फिरवून पाहिलं, काही नाही. होज पाइपच्या क्लिपा ठीक. वॉटर बॉडीच्या (म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालचं बारीक भोक कोरडं. आतला सील गेला की तिथून पाणी झिरपतं, म्हणून ते बघायचंच. मग इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या डोक्यावर, हिरवा थेंब दिसला. त्याच्या वर थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेचं) प्लास्टिकचं हाउसिंग, आणि त्याच्या सांध्याला हिरवट-पांढरं खरखरीत कवच धरलेलं. नखाने खरवडलं तर खाली केसाएवढी चीर. गल्लीतल्या मिस्त्रीने हाउसिंग बदललं, नवं कूलंट भरलं, हवा काढली. मजुरीसकट अडीच हजारांच्या आत काम झालं. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण पुढे एकदा सहज टेस्टर लावला, तर काटा पुन्हा खाली! आणि ओलं कुठेच नाही. ऑइल स्वच्छ, धूर नाही. मिस्त्री लगेच हेड गॅसकेटवर (सिलिंडरमधला वायू आणि पाणी वेगळं ठेवणारं, इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) घसरला. माझा संशय यंत्रावर होता. साबणाचं पाणी टेस्टरच्याच नळीच्या जोडावर लावलं आणि बुडबुडे आले. आतली रबरी रिंग चपटी झालेली. नळवाल्याच्या दुकानातून तसलीच रिंग आणून बसवली, तेव्हापासून काटा हलत नाही. गळती शोधायचं यंत्र स्वतःच गळतं, म्हणून दीड तारा कापला. कोणीही घेतला तर आधी हा जोड साबणाने तपासा, नाहीतर हेड उघडून बसाल.

कापलेल्यातला अर्धा तारा मात्र परत देतोय, कारण यात झाकण तपासायचीही सोय आहे. मागच्या सर्व्हिसिंगला झाकण नवीन घातलं होतं. जुनं मी टाकलेलं नव्हतं (मी काहीच टाकत नाही, घरी विचारा). ते टेस्टरवर लावलं तर निम्म्या दाबालाच फुस्स. म्हणजे इतकी वर्षं हाउसिंगचं ते प्लास्टिक अर्ध्याच दाबात सुखाने जगत होतं. नवं झाकण आलं, पूर्ण दाब बसला आणि सांधा उकलला. झाकण बदललं ते योग्यच केलं. दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं. पण त्यानंतर एकदा दाब देऊन बघायला काय हरकत होती? ‘अचानक’ गळती म्हणतात ती ही अशी होते.

गळती बंद करणारी पावडर सुचवणारे भेटतील. ती हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते, म्हणून मी हात लावला नाही. आणि AC चालू असताना डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे गळती नव्हे, त्यासाठी यंत्र घेऊ नका.

हल्ली मेहुण्याच्या गाडीला लावला होता. दाब न देता नुसता जोडून गार इंजिन चालू केलं, तर काटा मिनिटभरात सरसर वर. पाणी तापायच्या आत दाब चढतो म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. यंत्राची रिंग बदलून बघ, असं तो म्हणतोय. बदलून झाली आहे. पाचपैकी चार.