सरकारी आकड्यांच्या जोरावर विकलेला जट्रोफा

मोगली एरंड आमच्या बांधावर पूर्वीपासून होता. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावायचे. बिया विषारी, म्हणून पोरांना जवळ जाऊ देत नसत. पुढे तोच ‘जट्रोफा’ म्हणून रोपवाटिकेच्या टेम्पोतून विकत घ्यायची वेळ आली.

कंपनीच्या माणसाने वडिलांपुढे आधी वर्तमानपत्राची कात्रणं ठेवली. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली बायोडिझेलची, म्हणजे जट्रोफासारख्या बियांच्या तेलापासून डिझेलऐवजी वापरायचं इंधन करण्याची, राष्ट्रीय मोहीम सुचवली होती. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्या लिटरला २५ रुपयांनी ते घेणार, हेही जाहीर झालं होतं. कात्रणं खरीच होती. त्यांच्या आधारावर तो सांगत होता ते मात्र खोटं होतं: “काका, मुरमाड रान आणि पावसाचं पाणी पुरे. सरकार पाठीशी आहे.” बी परत घेण्याचा करार स्टँपपेपरवर झाला.

हिशेब कुणीच मांडून दाखवला नाही. लिटरभर तेलाला साधारण साडेतीन-चार किलो बी लागतं. गाळप, प्रक्रिया, वाहतूक धरली तर २५ रुपयांतून शेतकऱ्याला किलोमागे कितीसे मिळणार? फळं एकदम पिकत नाहीत, तोडणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्या मजुरीतच पैसे संपतात. कोरड्या रानात झाड जगतं, पण भरघोस फळायला पाणी आणि खत लागतंच. आमची झाडं हिरवीगार होती, फळं मोजकी.

सुरुवातीला बी खपायचं, पण ते नव्या रोपवाटिकांसाठी. नवे शेतकरी मिळेनासे झाले तशी खरेदी थांबली आणि तालुक्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. करारात भाव ‘बाजाराप्रमाणे’ होता आणि माल उचलला नाही तर भरपाईचं कलमच नव्हतं.

त्यानंतरही केंद्राच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. २०१७ मध्ये डिझेलमध्ये एक टक्काही बायोडिझेल नव्हतं. कोरडवाहू रानातलं खात्रीचं उत्पादन हाती नसताना लागवडीवर सरकारी पैसा ओतला, याचा मला आजही संताप येतो. त्याच पैशाकडे बोट दाखवून रोपं विकली गेली.

आता कार्बन क्रेडिटचं, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल पैसे मिळतील असं, सांगत कुणी आलं, तर आपल्यासारख्याच जमिनीवर पीक घेतलेल्या शेतकऱ्याची मालविक्रीची पावती मागा. रोपविक्रीची चालणार नाही. माल उचलला नाही तर किती भरपाई, हे करारात लिहून घ्या. त्याला तो तयार नसेल, तर आगाऊ एक रुपयाही देऊ नका.