कुठे नेणार ते सांगत नाहीत : आमच्या सोसायटीची सरप्राइज सहल

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. दीड कुठे गेला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव इथे मुद्दाम घेत नाही कारण तक्रारी त्यांना फोनवर सांगून झाल्यात आणि पोरं ऐकून घेणारी आहेत. पण अशा सहली विकणारे आता बरेच झालेत, त्यामुळे बुकिंगच्या आधी काय विचारायचं ते कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आम्ही राहतो ती पुण्याजवळची ज्येष्ठांची वसाहत आहे. माझं वय ७३, टेलिफोन खात्यातून रिटायर, आणि वसाहतीत ७३ म्हणजे तरुण मंडळात जमा. जानेवारीत कमिटीने नोटीस लावली, एक दिवसाची सहल, माणशी २,१०० रुपये, नाश्ता जेवण चहा धरून, ठिकाण सरप्राइज. खाली फक्त एवढंच की स्वेटर, बूट, दिवसभराच्या गोळ्या आणि आधार कार्ड. आता आमच्याकडे चहात आलं घालायचं का यावर मीटिंग होते, तिथे ठिकाण न सांगता पैसे भरा म्हटल्यावर काय झालं असेल बघा. बी विंगमधल्या सरांनी हिशोब मांडला की एसटीने गेलो तर २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धं, मग २,१०० कशाचे? मी म्हटलं सर, पण एसटीला कुठे जायचं ते सांगावं लागतं. शेवटी ३४ नावं आली, आणि सरांचं पहिलं होतं.

मुलाचा आदल्या रात्री फोन, आई कुठे चाललीस? म्हटलं माहीत नाही. कधी येणार? माहीत नाही. कोण कोण आहे? असतील तीस-चाळीस जण. कॉलेजात असताना तो मला रोज हीच उत्तरं द्यायचा, तीस वर्षांनी परतफेड झाली, झोप छान लागली.

खरी गंमत बसमध्ये. ठिकाण लपवलं की प्रवासच खेळ होतो हे मला मान्य करावं लागेल, एरवी बस सुटली की दहा मिनिटांत अर्धी मंडळी घोरतात, इथे ८८ वर्षांचे काका काचेला नाक लावून पाट्या वाचत होते. दहा दहा रुपयांची पैज लागली. नवले पुलावरून साताऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा निम्मे लोक म्हणाले नारायणपूर नाहीतर केतकावळ्याचा बालाजी, बायकांनी नमस्काराची तयारीसुद्धा केली, आणि कापूरहोळला बस डावीकडे वळलीच नाही. भोरवाले उजवीकडे बघत बसले, तिकडेही नाही. शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट चढून उतरला, आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळल्यावर एकच ओरडा, महाबळेश्वर! एकीने तर घाटात मळमळू नये म्हणून गोळी घेऊन टाकली. आणि पंधरा-वीस मिनिटांत बस वाईत थांबली. गोळी वाया गेली.

वाई. मी ट्रंक एक्सचेंजला होते, बाहेरगावचे फोन हाताने जोडून द्यायचे, तेव्हा हे नाव किती वेळा कानात पडलंय, "वाई द्या, अर्जंट", एखादा व्यापारी असला तर थेट लाइटनिंग, म्हणजे सगळ्यात तातडीचा कॉल, ज्याचे पैसे साध्या कॉलच्या आठपट पडायचे. शेकडो लोकांना वाई जोडून दिली असेल मी पण स्वतः कधी उतरले नव्हते, महाबळेश्वरला जाताना खिडकीतून बघितली तेवढीच. त्यामुळे ठिकाणाची निवड शंभर टक्के पास. ते नोटिशीवर आधीच लिहिलं असतं तर "वाई? पाहिलीय की" म्हणून दहा जण गळले असते, हा सरप्राइजचा मोठा फायदा, कुणाला पाहिलंय म्हणायला संधीच नाही.

ढोल्या गणपती आधी दाखवला. कंपनीचा सोबतचा मुलगा चांगला वाचून आला होता. देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, आणि मूर्ती एवढी मोठी म्हणून नाव ढोल्या. पण त्याने आम्हाला मूर्तीपाशी थोडाच वेळ ठेवलं आणि देवळाच्या पाठीमागे नेलं, मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगतं आणि देऊळ शाबूत राहतं. आमच्यातले एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर त्या भिंतीला हात लावून उभे राहिले ते हलेनात. पंचवीस मिनिटं ठेवली होती, आम्ही पाऊण तास घेतला आणि कुणी घड्याळ दाखवलं नाही, याचे पूर्ण मार्क.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी मधेच विषय काढला की मराठी विश्वकोशाचं ऑफिस इथेच आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, पहिला खंड १९७६ चा, मी स्वतः तो खंड रजिस्टरला चढवलाय, निदान बाहेरून तरी दाखवा. ते प्रोग्रामात नव्हतं. मुलाने ड्रायव्हरला विचारलं, ड्रायव्हर गल्ली बघून नको म्हणाला, आणि राहिलं. एवढी वाचणारी म्हातारी मंडळी वाईला आणायची आणि हे यादीत नाही, हे त्यांना लक्षात आणून दिलंय.

आता दीड मार्क.

पहिली गोष्ट बाथरूम. नाश्त्याला शिरवळजवळ थांबलो, उपमा गरम, बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये चिठ्ठी लावून, सगळं छान, आणि बायकांच्या बाजूला तीन संडास, तिन्ही भारतीय पद्धतीचे. आमच्यात गुडघे बदललेल्या सात जणी. कमोड पुरुषांच्या बाजूला एकच. मग काय, पुरुषांना बाहेर काढून दारावर एक वहिनी पहारा करत उभ्या राहिल्या आणि रांग लावली. हसलो सगळे, पण एक दोघी त्यानंतर दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत, आणि आमच्या वयात ते हसण्यावारी न्यायचं काम नाही.

दुसरी गोष्ट जेवण. चव उत्तम, एका घरगुती खानावळीत पाटावर नाही टेबलावर बसवलं (थँक्यू), भरली वांगी, पिठलं, ज्वारीची भाकरी, आणि कवळीवाल्यांसाठी न सांगता गुरगुट्या भात आणि तूप. खानावळीच्या ताईंनी स्वतः भाकरी दुधात कुस्करून काकांना दिली. पण नोटिशीत वेळ साडेबारा होती आणि ताट आलं एक चाळीसला. इन्शुलिनवाले जेवणाच्या वेळेवर सुई टोचून घेतात, टोचून झाल्यावर ताट आलं नाही तर घाम फुटतो, थरथर सुटते. एका काकांना तसं व्हायलाच लागलं. सोबत आलेल्या ब्रदरने लगेच साखर दिली, ग्लुकोमीटरने तपासलं, तो मुलगा हुशार, पण मुळात ही वेळच यायला नको होती. उशीर होणार हे ड्रायव्हरला माहीत होतं, खानावळीला माहीत होतं, माहीत नव्हतं ते फक्त ज्यांच्या पोटात सुई गेली होती त्यांना. इथे सरप्राइज कामाचं नाही.

तिसरी, मेणवली. वाईपासून अगदी जवळ. नाना फडणविसांचा वाडा, सहा चौकांचा, आणि मागे कृष्णेवर घाट. जागा इतकी सुंदर आहे की राग धरणं अवघड जातं. पण वाड्याचे उंबरे उंच, आणि घाट म्हटल्यावर पायऱ्या आल्या, दगडी, आणि हाताला धरायला काही नाही. हे कुणालाच आधी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर ठिकाण ओळखू आलं असतं म्हणे! अहो पायऱ्या सगळीकडेच असतात, त्यावरून कोण ओळखणार. बारा जण वरच थांबले. मुलांनी खुर्च्या आणल्या होत्या चार.

माझी शेजारीण त्या बारांतली. ती वर झाडाखाली, मी खाली घंटेपाशी. ही घंटा मूळची वसईची, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांकडून आली, त्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती टांगलीय शंकराच्या देवळाशेजारी. शेजारीण कॉन्व्हेंटमध्ये तीस वर्षं शिकवत होती, तिने ही बघायलाच हवी असं मला इतकं वाटलं की तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा घंटेवर धरला, मग नदीवर, धुणं धुणाऱ्या बायकांवर, ती वरून सांगत होती अगं डावीकडे घे, जरा जवळ घे, आणि मधेच तिचा आवाज फोनमधून आणि वरून असा दोन्हीकडून ऐकू यायचा. इतक्या वर्षांत इतक्या जवळचा ट्रंक कॉल मी कधी जोडला नव्हता. वर गेल्यावर ती काही बोलली नाही, माझी पर्स धरून बसली होती ती परत दिली.

बाकी बारीकसारीक. बसची पहिली पायरी उंच पण स्टूल होतं आणि दोन्ही बाजूंना मुलं उभी, कुणाचा तोल गेला नाही. एसी बोलल्यावर कमी केला. माइकवर अंताक्षरी घेतली ती नसती तरी चाललं असतं, जेवणानंतर झोपायचं असतं हो. आणि त्या मुलांनी सरसकट आजी, आजोबा म्हणणं बंद करावं, आमच्यातल्या ६२ वर्षांच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकू म्हणा, मॅडम म्हणा. परतताना रस्त्यावर स्ट्रॉबेरी घ्यायला थांबवलं, डायबेटिसवाले धरून सगळ्यांनी घेतली, वाईची हळदही घेतली, आणि बोगद्यातून बाहेर आल्यावर पूर्ण बस झोपलेली.

साडेआठला घरी. सरांनी उतरताना पुन्हा हिशोब केला, म्हणाले बसभाडं, जेवण, ब्रदर धरला तर पैसे फार लावलेले नाहीत. त्यांच्याकडून हे म्हणजे पाच स्टार.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पुढच्या वेळी बुकिंग करताना मी विचारणार, कमोड किती आणि कुठे कुठे, ताट किती वाजता, उशीर झाला तर कोण सांगणार, सलग किती चालायचं, पायऱ्या किती. ठिकाण विचारणार नाही. पलीकडचा मुलगा आधी जरा अडखळला, मग म्हणाला काकू, हे सगळं फॉर्मवरच छापतो.

मार्चची नोटीस कालच लागलीय. ठिकाण सरप्राइज. जेवण साडेबारा, कमोड तीन, पायऱ्या अकरा, कठडा आहे. शेजारणीने माझ्या आधी नाव दिलं.