नाटकाच्या साऊंडसाठी: पंचवटीतले दादा

राज्य नाट्य स्पर्धेतल्या आमच्या नाटकाचा साऊंड नाशिकच्या पंचवटीतल्या एका दादांनी केला. प्रयोग सायखेडकर नाट्यगृहात होता. हौशी मंडळींनी त्यांच्याकडे जावं, असं अगदी मनापासून सांगते.

तालमीला आले की संहिता घेऊन बसतात आणि प्रत्येक क्यूला, म्हणजे आवाज वाजवायच्या प्रत्येक जागेला, एकच विचारतात, "ताई, हा आवाज नाटकात कोणाला ऐकू येतो?" उत्तर नसेल तर क्यू बाद. पात्र 'पाणी चढतंय' म्हणत असताना वर ढगांचा गडगडाट कशाला? प्रेक्षकाला तेच दोनदा सांगायचं आणि वाक्यही बुडवायचं!

नाटक 2016 च्या गोदावरीच्या पुराच्या रात्रीचं, भांडी बाजारातल्या वाड्यात घडणारं. पूर म्हटलं की सगळे पाण्याचा घोंघाट लावतात. यांनी घंगाळात पाणी घेतलं, पितळी वाट्या-तांबे तरंगत सोडले आणि ते एकमेकांवर आपटताना रेकॉर्ड केले. दुसऱ्या अंकात अंधारात विंगेतून तो किणकिणाट आला आणि दुकानात पाणी शिरल्याचं कोणाला बोलून दाखवावंच लागलं नाही. ते वाक्य आम्ही काढूनच टाकलं. पाऊससुद्धा नेटवरून उतरवलेला नव्हता. आमच्या वाड्याला पत्रे, म्हणून पत्र्यावरचाच.

मेघगर्जना एकदाच ठेवली, तीही हाताने. टांगलेला लोखंडी पत्रा ते स्वतः हलवतात. नट त्या दिवशी थांबून बोलला तर तेही थांबतात, रेकॉर्डिंगला ते जमत नाही. फोनच्या रिंगसाठी टेबलाखाली वायरचा छोटा स्पीकर लपवला होता. ब्लूटूथ त्यांना चालत नाही, कारण आवाज किंचित उशिरा येतो आणि नटाचा हात आधीच फोनकडे गेलेला असतो. शिवाय फोन टेबलावर आणि रिंग हॉलच्या भिंतीवरून, हे किती नाटकांत सहन करायचं?

एक उणीव राहिली. आवाजाची लेव्हल रिकाम्या हॉलमध्ये लावली होती. माणसं बसली की आवाज शोषला जातो, त्यामुळे मागच्या रांगांपर्यंत किणकिणाट नीट पोहोचला नाही. त्यांना सांगितलं तर लगेच वहीत टिपून घेतलं.

संहिता तालमी सुरू होतानाच द्या. आदल्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन गेलात तर सरळ नाही म्हणतात. स्पर्धेच्या दिवसांत त्यांच्या तारखा लवकर भरतात.