ब्लूटूथ वजनकाटा: काटा किर्र, ॲप बाद

काट्याला ४ स्टार. ॲपला शून्य देता येत नाही म्हणून १.

ऑनलाइन सेलमधला काचेचा काटा आहे, ब्रँड सांगत नाही कारण इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मैत्रिणीकडं दुसऱ्या कंपनीचा आहे आणि त्याचं ॲपपण असलंच बडबडतंय. वजन मात्र एक नंबर. ५ किलो तांदळाची पिशवी घेऊन उभारलं की बरोबर ५ नं वाढतंय. फरशी सपाट पाहिजे, सतरंजीवर ठेवला तर काहीही दाखवतोय.

आता ॲप. पायाखालच्या चकचकीत पट्ट्यांतनं बारीक करंट एका पायातनं चढून दुसऱ्या पायातनं उतरतो, पाण्यातनं सहज जातो, चरबीत अडतो. तो अडथळा आणि वजन एवढंच खरं मोजलेलं, बाकी आपणच भरलेली उंची, वय, बाई का पुरुष हे घालून फॅट, स्नायू, 'बॉडी एज' सगळं गणितानं काढलेला अंदाज. पाणी प्यालं, पाय ओले असले तरी आकडा हलतोय. (घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे मोजायचंच नाही, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतंय.)

रविवारी तांबडा-पांढरा झाला की सोमवारी वजन किलोभर जास्त, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीपण तेच. किलोभर चरबी चढायला ७ हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतात, तेवढा रस्सा तालमीतल्या पैलवानालापण एका बैठकीत जायचा नाही, पण ॲप लगेच लाल होऊन रडकी स्मायली दाखवणार आणि म्हणणार आज रात्री हलकं जेवा. आमच्या जाऊबाई तर काट्यावर उभारल्याशिवाय चहात साखर घालायची का नाही ते ठरवत नव्हत्या. भात-भाकरी बंद केली आणि आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून खूश, त्यातलं बरंचसं पाणीच असतंय, चार घास भात खाल्ला की परत. मग परत उपास. असल्या गावात, जिथं तालमीतल्या पोराला गंगावेशीत दुधाचा दुसरा ग्लास आग्रहानं पाजतात आणि त्याच घरातली सून दुसरी भाकरी घेताना आधी इकडंतिकडं बघते.

बीएमआयचा (वजन भागिले उंचीचा वर्ग) रंगपण ॲप कुठली रेष धरतंय त्यावर. जादा वजनाची रेष भारतीयांसाठी २३, जगाची २५. साखर-बीपीचा धोका आपल्यात लवकर दिसतो म्हणून डॉक्टर लोकांनी ती खाली आणली, बरोबरच आहे, पण मग रक्त तपासा की, कंबर मोजा. ते सूत्र काढलं केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं, १८३० च्या दशकात, सरासरी माणूस कसा असतो ते बघायला. एकेकटीला ओरडायला नव्हे.

सगळ्यात राग कशाचा, तर पुतणीचं वय १४ असं ॲपमध्ये टाकलं तरी ते टार्गेट वजन विचारतंय! तिथंच अनइन्स्टॉल केलं. ॲपशिवाय काटा झकास चालतो.

घ्यावा का? किडनी-हार्टचे पेशंट, ज्यांना डॉक्टरनी रोज वजन लिहायला सांगितलंय, त्यांनी डोळे झाकून (पेसमेकर नसेल तर). बाकी बायकांनी डाएटसाठी घेणार असाल तर राहू दे. आमच्यात आता गॅसची टाकी आली की वापरतो, टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन वजा करून १४.२ यायला पाहिजे. काच आहे, अलगद ठेवा.