नागपूरच्या तलावांवर वापरलेली पाणी-तपासणीची पेटी: एक परीक्षण

तलावाच्या काठावरच पाणी तपासता येईल अशा रसायनांच्या पेट्या आता ऑनलाइन सहज मिळतात. शाळांची पर्यावरण मंडळे, पक्षिमित्रांचे गट आणि आपल्या वस्तीतला तलाव वाचावा म्हणून धडपडणारे रहिवासी त्या हौसेने मागवतात. आमच्या गटाने चार हजारांच्या आत मिळणारी अशीच एक पेटी घेतली आणि पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर व गोरेवाडा येथे वापरली. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण खरेदीपूर्वी पाहिलेल्या या किमतीच्या इतर पेट्यांतही रसायने आणि रंगतक्ते जवळपास हेच होते. पेटी घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगतो. सोबतच्या पुस्तिकेवर मात्र विसंबू नये, कारण तिच्यात दिलेले 'उत्तम', 'मध्यम', 'वाईट' हे शेरे तलावाच्या बाबतीत बरेचदा दिशाभूल करतात.

पेटीत विरघळलेला प्राणवायू, सामू (pH), अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, कठीणपणा आणि क्लोरीन यांच्या चाचण्या आहेत, शिवाय जिवाणूंसाठी काळी पडणारी एक बाटली आहे. कठीणपणा आणि क्लोरीन नळाच्या पाण्यासाठी ठीक आहेत; तलावावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पेटीचे खरे मोल प्राणवायूच्या चाचणीत आहे. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही विश्वासार्ह मानली जाते आणि पेटीत ती बऱ्यापैकी नेटकेपणाने बसवली आहे. काचेची बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरायची, एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेटचे आणि त्यानंतर अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी, कापसासारखा अवक्षेप (साका) तयार होऊन सावकाश तळाशी बसू लागतो. प्राणवायू नसेल तर तो पांढराच राहतो. आम्ल घातल्यावर अवक्षेप विरघळून पाणी पिवळे होते, स्टार्चमुळे गडद निळे होते आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत गेले की एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. थेंबांच्या संख्येवरून लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू आहे ते कळते. अंबाझरीच्या काठाला जलपर्णीचा दाट थर लागलेला असताना आम्ही एक बाटली थराखालून आणि दुसरी थोड्याच अंतरावरच्या मोकळ्या पाण्यातून भरली. दुसरीतला अवक्षेप चहाच्या रंगाचा झाला आणि पहिलीतला जवळजवळ पांढराच राहिला. जलपर्णी पाण्याला प्रकाश मिळू देत नाही, पृष्ठभागावरून हवेची देवाणघेवाण अडवते आणि तिची कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. हे सर्व वाचलेले होते, पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर गटातल्या शाळकरी मुलांना ते एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता समजले.

पुस्तिकेवरचा माझा मुख्य आक्षेपही याच चाचणीबाबत आहे. 8 मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू आढळला की पाणी 'उत्तम' समजावे, असे ती सांगते; नमुना कोणत्या वेळी घ्यावा याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. तलावातला प्राणवायू दिवसभर स्थिर नसतो. उजेडात शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करतात, रात्री तेच सारे जीव तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असतो. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण 7.5 मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. अशा कोमट पाण्यात दुपारी तीन वाजता 11 किंवा 12 असा आकडा आला, तर तो आरोग्याची खूण नसून शेवाळाच्या अतिवाढीची खूण आहे, आणि त्याच तलावात पहाटे पाच वाजता मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असण्याची शक्यता मोठी असते. सलग ढगाळ दिवसांनंतर, किंवा पहिल्या जोरदार पावसाने नाल्यांतली घाण तलावात ओतल्यानंतर, सकाळी मेलेले मासे काठाला लागतात ते बहुधा यामुळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार वन्यजीव आणि मत्स्यपालन यांसाठी किमान 4 आणि स्नानासाठी किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असायला हवा. ही मर्यादा तलाव पाळतो की नाही हे पाहायचे असेल तर उजाडण्याआधी काठावर पोहोचण्याला पर्याय नाही. एवढी एक ओळ पुस्तिकेत असती तरी तिची योग्यता दुप्पट झाली असती.

सामूची चाचणीही वेळेला अशीच बांधलेली आहे. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरू लागले की सामू चढतो आणि हिरव्यागार तलावात दुपारी तो 9 च्या पुढे जाऊ शकतो. त्याचा थेट संबंध अमोनियाशी आहे. पेटी एकूण अमोनिया मोजते, पण माशांना जो मारतो तो त्यातला आयनरहित, म्हणजे विद्युतभार नसलेला भाग, आणि तो सामू व तापमान यांवर ठरतो. 30 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्कादेखील त्या विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की सुमारे साडेसात टक्के आणि 9 झाला की जवळपास 45 टक्के. म्हणजे सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात पहाटे प्राणवायूची टंचाई आणि दुपारी अमोनियाचा दाह असा दुहेरी मार माशांना बसतो, आणि पेटीतल्या तक्त्यावर मात्र दोन्ही वेळी अमोनियाचा रंग एकच दिसतो. या तीन चाचण्या एकाच वेळी, पाण्याच्या तापमानासह करून एकत्र वाचायच्या असतात, हे पुस्तिकेने सांगायला हवे होते. पेटीत साधा तापमापकही नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

फॉस्फेटची चाचणी या पेटीची सर्वांत कमकुवत बाजू आहे. तलाव सुपोषणाकडे झुकतो, म्हणजे पोषकद्रव्ये वाढून शेवाळ आणि जलपर्णी माजू लागतात, त्यामागे बहुतेक गोड्या पाण्यात फॉस्फरसच असतो. म्हणून ग्राहक ही चाचणी मोठ्या अपेक्षेने करतो. रंगतक्त्यातली सर्वांत फिकट निळी पायरी लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅम फॉस्फेटची आहे. फॉस्फरसच्या हिशेबात ते सुमारे 0.16 मिलिग्रॅम होते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने 1982 मध्ये दिलेल्या आणि अजूनही वापरात असलेल्या निकषानुसार एकूण फॉस्फरस 0.035 मिलिग्रॅमच्या पुढे गेला की तलाव सुपोषित समजतात. थोडक्यात, पेटीत पहिला निळा रंग दिसेपर्यंत तलावाने ही सीमा चौपटीहून अधिक ओलांडलेली असते. त्यातही, पाण्यात विरघळलेले फॉस्फेट शेवाळ भराभर शोषून घेते, त्यामुळे गर्द हिरव्या पाण्यात पेटी सर्रास 'शून्य' दाखवते. पुस्तिकेच्या मते हा शून्य 'उत्तम' असतो! या चाचणीचा उपयोग तलावाच्या मध्यापेक्षा तलावात येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी अधिक होतो, कारण सांडपाण्यातले फॉस्फेट तक्त्याच्या आवाक्यात येते आणि घाण कोणत्या तोंडातून शिरते ते शोधता येते. आमच्या गटाला या पेटीचा सर्वांत व्यवहारी लाभ झाला तो असा.

काळ्या बाटलीवर खर्च करू नये. हायड्रोजन सल्फाइडची ही चाचणी 1982 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी सुचवली ती विहिरी आणि हातपंपांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आणि त्या कामी ती उत्तम आहे. तलावाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू निसर्गतःच असतात, त्यामुळे बाटली काळी पडणे जवळपास ठरलेलेच असते आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र पेटीला मी माफ करू शकत नाही. अमोनियासाठी दिलेले नेस्लरचे द्रावण पाऱ्याच्या संयुगापासून बनते आणि प्राणवायूच्या दुसऱ्या द्रावणात तीव्र अल्कलीसोबत विषारी सोडियम अझाइड असते. वापरलेले पाणी कुठे टाकावे याविषयी पुस्तिका गप्प आहे, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाचा हात साहजिकच तलावाकडेच जातो. तलावाच्या काळजीपोटी पाणी तपासायचे आणि त्याच तलावात पारा ओतायचा, हे घडू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा, लहान मुलांना बाटल्या हाताळू देऊ नयेत, सारे टाकाऊ पाणी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात साठवून रसायनशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाकडे सोपवावे. सॅलिसिलेट पद्धतीची अमोनिया चाचणी असलेली पेटी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्यावी, तिच्यात पारा नसतो.

पेटीत एक वस्तू हमखास असायला हवी होती, ती म्हणजे सेकी तबकडी. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेकी याने 1865 मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून पारदर्शकता मोजली. तलावांसाठी आज 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौथाई भागांची तबकडी वापरतात. दोरीला खुणा करून ती सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. रंगाच्या डब्याचे झाकण आणि वजनासाठी एक नट एवढ्यात ती घरी बनते. शेवाळाची वाढ किती झाली याचा अंदाज तिच्यावरून फॉस्फेटच्या चाचणीपेक्षा कितीतरी चांगला येतो.

ही पेटी गोड्या पाण्यासाठी आहे, हे प्रवासात बरोबर नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. लोणारचा सामू 10 च्या आसपास असतो आणि हिचा तक्ता 9 वर संपतो. खाडीत किंवा खाजणात तर तिचा प्राणवायूचा तक्ताही लागू पडत नाही, कारण 25 अंशांना गोड्या पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपासच मावतो. हिवाळ्यात पक्षी पाहायला चिल्का सरोवराकडे जाणाऱ्यांना तर क्षारता मोजण्याचे साधन हवे. चिल्काचे समुद्राकडचे मुख गाळाने चोंदत गेले, पाणी गोडे होऊन वनस्पती माजल्या आणि 1993 मध्ये ते पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. 2000 मध्ये नवे मुख उघडल्यावर क्षारता सावरली आणि 2002 मध्ये ते त्या यादीतून बाहेर आले. तिथली सारी कहाणी क्षारतेची आहे आणि ही पेटी नेमकी तीच मोजत नाही.

नागपुरात अशा नोंदींना एरवीपेक्षा अधिक वजन आहे. इथले बहुतेक तलाव गोंड राजे, भोसले आणि इंग्रज यांच्या काळात बांधलेले आहेत. 2017 च्या पाणथळ नियमांनी पिण्याचे पाणी, सिंचन आणि मनोरंजन यांसाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येबाहेर ठेवले आहेत, आणि फुटाळा मानवनिर्मित असल्याने त्या व्याख्येत बसत नाही हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिले. पाण्यात घडणाऱ्या क्रिया तलाव कोणी बांधला हे पाहत नाहीत. बदके, करकोचे आणि मासेही पाहत नाहीत. जिथे कायद्याचे छत्र अपुरे आहे तिथे तारीख, वेळ, जागा, खोली, तापमान आणि आकडा अशी वर्षानुवर्षांची वही हाच रहिवाशांचा भक्कम आधार ठरू शकतो. वेळ आणि जागा न लिहिलेला आकडा मात्र कोणीही पहिल्याच प्रश्नाला खोडून काढेल.

त्या वहीत रसायनांखेरीज एक रिकामा रकाना ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. भंडारा-गोंदियातल्या कोहळी समाजाने बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे ढीवर पाण्याचा वास, रंग आणि माशांची चाल यांवरून तलावाची प्रकृती ओळखतात. तिथल्या काही मच्छीमार संस्थांनी तलावातली बेशरम ही माजणारी परकी वनस्पती उपटून हायड्रिलासारख्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्यामागे हेच ज्ञान होते. कोणती वनस्पती कुठे दिसली, कोणते पक्षी उतरले, पाण्याला कसला वास होता, हे त्या रकान्यात लिहावे.

खरेदीचे म्हणाल तर ही पेटी एकट्यादुकट्याने न घेता गटाने घ्यावी आणि पावसाळा संपताना मागवावी, म्हणजे रसायनांची मुदत उन्हाळ्यापर्यंत पुरते. मागवण्याआधी विक्रेत्याला बाटल्यांवरच्या मुदतीच्या तारखा विचाराव्यात. फॉस्फेटचे दुसरे द्रावण सर्वांत आधी नासते. नागपूरच्या मे महिन्यात पेटी गाडीत विसरू नये, उष्णतेने थायोसल्फेट आणि स्टार्च दोन्ही बिघडतात आणि आकडे चुकीचे येऊ लागतात. उत्पादकाकडून सुटी रसायने मागवणे महाग पडते. शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या शहरातल्या दुकानांत थायोसल्फेट आणि स्टार्च स्वस्तात मिळतात, फक्त थायोसल्फेटची तीव्रता पेटीतल्याइतकीच आहे ना, हे एखाद्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे.